चार दिवस चावेल, मग बसेल

लोकांचे पाय धरण्यात ज्याचं आयुष्य गेलं तो माणूस लाचार असेल असं कुणालाही वाटेल. नंबरकाका मात्र चांगले ताठ होते, गरजेपेक्षा जरा जास्तच. पाय धरणं हा त्यांचा पोटापाण्याचा धंदा होता. मोठ्या रस्त्यावरच्या बुटांच्या दुकानात ते मिसरूड फुटायच्या वयात लागले आणि डोक्यावर विंचरण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा बाहेर पडले. मधली सगळी वर्षं एका बुटक्या स्टुलावर गेली. गिऱ्हाईक समोर बसलं की त्याची टाच तळहातात घ्यायची आणि विचारायचं, "नंबर किती?" नोकरी सुटली तरी हा प्रश्न काही सुटला नाही. नवीन शेजारी राहायला आले की त्यांचं नाव विचारायच्या आधी हे त्यांच्या पायांकडे बघून "आठ ना?" असं म्हणायचे. गल्लीतल्या पोरांनी मग त्यांना नंबरकाका करून टाकलं.

धंद्यात त्यांनी दोन गोष्टी पक्क्या धरल्या होत्या. पहिली म्हणजे गिऱ्हाइकाला खरा नंबर सांगायचा नाही, आवडेल तो सांगायचा. पाच नंबर मागणाऱ्या बाईंना सहाचा जोड चढवायचा आणि म्हणायचं, "ह्या कंपनीचा पाच जरा ऐसपैसच येतो." बाई खूश, पायही खूश. दुसरी गोष्ट तक्रारींसाठी होती. बूट चावतो म्हणून कुणी लंगडत परत आला की त्याला बसवायचं, पाणी द्यायचं आणि हसून सांगायचं, "चार दिवस चावेल, मग बसेल. पायाला सवय होऊ द्या." शंभरातले नव्वद पुन्हा तक्रार घेऊन येत नसत. ते दुसऱ्या दुकानात जात असतील, हा विचार काकांच्या मनाला कधी शिवला नाही.

काकूंचं सगळं उलट होतं. त्या टेलिफोनच्या कचेरीत ऑपरेटर होत्या. कानाला यंत्र लावून, खुर्चीला खिळून त्यांनी नोकरी केली. त्यांची पाळी संपायची तेव्हा काकांचं दुकान भरात असायचं, आणि काका घरी यायचे तेव्हा काकूंची दुसरी पाळी लागलेली असायची. संसार झाला, मुलगी झाली, ती शिकून दूर देशी गेलीसुद्धा, पण ह्या दोघांचं बोलणं म्हणजे दारात किल्ली हातात देताना होईल तेवढंच. "भात झाकून ठेवलाय." "गॅसवाला येऊन गेला." निवृत्त झाल्यावर पहिल्याच संध्याकाळी काकू म्हणाल्या, "बसून बसून माझे पाय मला विसरलेत. चला, मोकळे करून येऊ." तिथून त्यांचं फिरणं सुरू झालं.

रस्ता ठरलेला. जिना उतरायचा, फाटकातून बाहेर पडायचं, दुकानांच्या रांगेने घड्याळजी, कापडवाला, भांडीवाला असं करत नदीवरच्या पुलावर जायचं. पुलावर एक बाक होतं. तिथे बसून पाणी बघायचं आणि परत यायचं. संसारात राहून गेलेलं सगळं बोलणं त्या रस्त्यावर झालं. काकूंनी लग्नानंतर इतक्या वर्षांनी काकांना सांगितलं की आपल्याला कांदा चिरलेला आवडत नाही, ठेचलेला आवडतो. काका म्हणाले, "मग बोलली का नाहीस?" काकू म्हणाल्या, "तुम्ही होतात कुठे?" आणि दोघं रस्त्यातच हसत सुटले. काकांना म्हाताऱ्या वयात नवं लग्न झाल्यासारखं वाटायला लागलं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही, अशी गोष्ट सांगतं कोण?

मग काकांची डावी पोटरी धरायला लागली. चालताना गोळा यायचा, थांबलं की सुटायचा, चालायला लागलं की पुन्हा यायचा. काकांनी ताकास तूर लागू दिली नाही. गोळा आला की ते दुकानाच्या काचेसमोर उभे राहायचे आणि आत मांडलेला माल निरखायचे. घड्याळजीपाशी थांबले, भांडीवाल्यापाशी थांबले, तोवर ठीक होतं. एकदा गोळा नेमका बायकांच्या आतल्या कपड्यांच्या दुकानापुढे आला. काकू दहा पावलं पुढे जाऊन मागे वळल्या.

"अहो, वय काय, थांबता कुठे?"

"शिवण बघतोय," काका म्हणाले. "काम सुबक आहे."

काकू भरभर चालणाऱ्या. ह्या थांबण्याला त्या कंटाळल्या. "तुमच्याबरोबर फिरायचं म्हणजे दुकानांची तपासणी," असं म्हणून त्या पुढे निघून जायच्या आणि पुलावर वाट बघायच्या. हळूहळू काका पुलापर्यंत पोचेनासे झाले. काकू एकट्याच जाऊन यायला लागल्या आणि रस्त्यावरचं बोलणं बंद पडलं. शेवटी एकदा काकांना जिन्यातच बसावं लागलं तेव्हा सोंग उघडं पडलं. काकूंनी त्यांना दंडाला धरून डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टरांनी घोट्याचा आणि दंडाचा दाब मोजला, तळपायाची नाडी चाचपली. "पायाच्या रक्तवाहिन्या आतून चोंदल्यात," ते म्हणाले. "सिगारेट ओढता?"

"सोडली."

"कधी?"

"आत्ता, बाहेर बसलो होतो तेव्हा."

डॉक्टर हसले, काकू हसल्या नाहीत. गोळ्या लिहून दिल्या गेल्या. सिगारेट खरोखरच सुटली, काकूंनी पाकीट संडासात ओतलं. आणि डॉक्टरांनी सांगितलं की ह्याला चालण्याचा व्यायाम हेच मोठं औषध आहे, दवाखान्याच्या मागच्या इमारतीत त्याचा वर्ग चालतो, तिथे जा.

वर्ग म्हणजे एक लांबलचक खोली होती. भिंतीला लागून खुर्च्या, मधे चालायला मोकळी फरशी, कोपऱ्यात विजेवर फिरणारे चालण्याचे दोन पट्टे. शिकवणाऱ्या व्यायामाच्या बाई काकांच्या मुलीपेक्षाही लहान होत्या. त्यांनी पहिल्या दिवशी समजावलं ते काकांना फार पटलं. मोठा रस्ता बंद झाला की माणसं गल्लीबोळातून वाट काढतात, तसं रक्तही काढतं. तुम्ही चालाल तसे ते बोळ रुंद होतील. पोटरी दुखायला लागली म्हणून लगेच बसायचं नाही, चांगली दुखू द्यायची. मग बसायचं, निवळली की पुन्हा उठायचं.

"दुखणं आलं की मी विचारीन, नंबर किती," बाई म्हणाल्या. "एक म्हणजे नुसती चाहूल. पाच म्हणजे आता पाऊल टाकवत नाही. तीन-चारला बसा. आणि एक लक्षात ठेवा. पोटरीतलं दुखणं आपलं. बोट, टाच, तळवा, कुठे खरचटलं, फोड आला, तर चालायचं नाही. आधी मला दाखवायचं."

नंबर हा शब्द ऐकून काकांना माहेरी आल्यासारखं वाटलं. शेजारच्या खुर्चीत एक रिटायर झालेले बस ड्रायव्हर होते. ते पोटरी धरून बसले की म्हणायचे, "सिग्नल लागला." उठले की म्हणायचे, "सुटली गाडी." काकांचं त्यांच्याशी जमलं. बाईंनी नंबर विचारला की ड्रायव्हर प्रामाणिकपणे "साडेतीन" वगैरे सांगायचे. काका बाईंच्या तोंडाकडे बघून अंदाज घ्यायचे आणि त्यांना आवडेल तो नंबर सांगायचे. साऱ्या जन्माची सवय, ती काय चार खुर्च्यांच्या खोलीत सुटते?

पण गुण आला, हे कबूल करायला हवं. पहिल्यांदा खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाईतो जीव जायचा, ते काका आता फेऱ्यांवर फेऱ्या मारायला लागले. काकूंना ते सांगत नव्हते. त्यांच्या मनात एकच होतं, एक दिवस काकूंच्या बरोबरीने, एका चालीत पुलापर्यंत जायचं आणि बाकावर बसून म्हणायचं, बोल, काय राहिलंय सांगायचं?

त्यासाठी त्यांनी नवे बूट घेतले. जुन्या दुकानात गेले, तिथल्या नव्या सेल्समनला स्टुलावर बसू दिलं नाही, स्वतःच खोका उघडला. नऊ नंबर. काका जन्मभर नऊ घालत आले होते. वय झालं की पाय पसरतो, एक नंबर वाढवून घ्या, असं त्यांनी आयुष्यात हजारो म्हाताऱ्यांना सांगितलं असेल. स्वतःचा पाय मापाच्या पट्टीवर ठेवायचं मात्र त्यांना सुचलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. बूट डाव्या करंगळीला चावला. काका मनाशी म्हणाले, चार दिवस चावेल, मग बसेल.

चार दिवसांनी करंगळीच्या बाजूला लाल झालं. व्यायामाच्या बाई चालणं सुरू करायच्या आधी सगळ्यांचे मोजे काढायला लावायच्या आणि एकेक पाय बघायच्या. त्यांनी ती लाली पाहिली. "आठवडाभर सुट्टी," त्या म्हणाल्या. "आणि हे बूट बंद. मोठे घ्या."

तो आठवडा काकांनी घरात येरझारा घालत काढला. काकू संध्याकाळी एकट्या निघाल्या की ते खिडकीतून बघत राहायचे. मिळवलेलं सगळं हातचं जाईल, पुन्हा जिन्यात बसायची वेळ येईल, ह्या भीतीने त्यांना ग्रासलं. मोठे बूट त्यांनी घेतले नाहीत. चाळीस वर्षं बूट विकलेल्या माणसाने नंबर चुकवला हे दुकानात जाऊन सांगायचं कसं? लाली फिकी झाली तसे ते त्याच बुटांत परत वर्गात गेले. आणि कातडी फाटली तेव्हा त्यांनी ते कुणाला दाखवलं नाही.

लपवणं त्यांना अवघड नव्हतं. पाय कसा दाखवायचा आणि कसा नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला येणार? उजवा बूट काढायचा, बाईंशी बोलत बोलत उजवा पाय पुढे करायचा, त्यांच्या मुलाच्या शाळेची चौकशी करायची, ड्रायव्हरची एखादी फिरकी घ्यायची, आणि बाई पुढच्या खुर्चीकडे वळेपर्यंत डाव्या बुटाच्या नाडीशी खेळत राहायचं. बाईंनी विचारलं, "डावा?" की म्हणायचं, "आत्ताच घातला की परत." बाईंचा काकांवर विश्वास होता. काका म्हणजे वर्गातले हुशार विद्यार्थी. जखमेवर काका पट्टी चिकटवायचे, वर दोन मोजे चढवायचे. चालताना करंगळी ठणकायची आणि पोटरीही ठणकायची. दुखणं म्हणजे औषध असं इथे शिकवलं होतं, आणि दुखणं म्हणजे सवय होत असल्याची खूण असं ते स्वतः लोकांना शिकवत आले होते. दोन्ही शिकवण्या त्यांच्या डोक्यात एक झाल्या.

आणि एका संध्याकाळी ते काकूंना म्हणाले, "थांब, मी पण येतो."

काकू हळू चालायला लागल्या. काका म्हणाले, "तुझ्या चालीने चाल." घड्याळजी गेला, कापडवाला गेला, ते शिवणीचं दुकानही गेलं. काका फक्त एकदा थांबले आणि काचेकडे न बघता सरळ म्हणाले, "गोळा आलाय, जरा दम धर." काकूंनी त्यांच्या कोपरात हात घातला. पुलावर पोचल्यावर काकू बाकावर बसल्या आणि पदराने डोळे पुसायला लागल्या. काका म्हणाले, "रडतेस कशाला?" त्या म्हणाल्या, "मला वाटलं होतं तुम्हाला माझा कंटाळा आलाय. म्हणून थांबता, मागे राहता. डॉक्टरकडे जाईपर्यंत मनात तेच होतं." करंगळी आगीत धरल्यासारखी झाली होती आणि त्यांच्या आयुष्यातली ती सर्वांत चांगली संध्याकाळ होती.

दुसऱ्या दिवशी मोजा निघाला नाही. तो चिकटला होता. काकांनी कोमट पाण्यात पाय बुडवून तो सोडवला, मोजा चुरगाळून धुण्याच्या तळाशी लपवला. पण काकूंना वास आला. त्या न्हाणीघरातून मोजा हातात घेऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "पाय दाखवा." काकांनी उजवा पुढे केला. काकूंनी खाली बसून डावा पाय स्वतःच मांडीवर घेतला. करंगळी काळी पडली होती.

पुढचं भराभर झालं. रक्तवाहिनीत फुगा घालून ती उघडायचा प्रयत्न झाला, जमला नाही. आधी बोट गेलं. ती जखमही भरेना. जिथे रक्तच पोचत नाही तिथे जखम भरणार कशाने? शेवटी मोठ्या डॉक्टरांनी काकूंना बाहेर बोलावून सांगितलं की पाय गुडघ्याखाली काढला नाही तर माणूस जाईल. काकूंनी सही केली.

व्यायामाच्या बाई वॉर्डात भेटायला आल्या.

"मी रोज नंबर विचारत होते, काका."

"विचारत होतात."

"डावा पाय मी हट्टाने बघायला हवा होता."

"तुम्हाला दिसू नये म्हणून मी धडपडत होतो, बाई. त्यात तुमचं काय चुकलं?" काका म्हणाले. "सांगितलं असतं तर घरी बसवलं असतंत. मला पुलापर्यंत जायचं होतं." बाईंनी त्यांचा हात धरला. त्या गेल्यावर काका भिंतीकडे तोंड करून बराच वेळ रडले. शेजारच्या पलंगावरच्या माणसाने मुद्दाम रेडिओ मोठा केला.

घरी आल्यावर काका कुबड्यांवर खोलीतल्या खोलीत फिरायला शिकले. लाकडी पायाचं माप पुढे घेऊ म्हणाले होते, पण उरलेल्या पायाचंही रक्त धड नव्हतं, त्यामुळे ते लांबत गेलं. घर दुसऱ्या मजल्यावर. जिना उतरायचा म्हणजे दोन माणसं लागत. काकूंनी फिरणं सोडून दिलं. त्या दिवसभर त्यांच्या आसपास असत, उशी सरळ करत, पाणी देत, आणि संध्याकाळ झाली की नजर चुकवून स्वयंपाकघरात जात. काकांना ते बघवेना.

"तू जा गं फिरायला. दोघांनी बसून काय साधणार आहे? तुझे पाय तरी धड राहू देत."

"मला नाही जायचं."

"माझ्यासाठी जा. येऊन मला सांग, रस्त्यात काय काय दिसलं."

काकांनी धोशाच लावला तेव्हा काकू तयार झाल्या. रोज संध्याकाळी त्या चपला घालून बाहेर पडायच्या आणि अंधार पडता पडता परत यायच्या. हातपाय धुऊन स्वयंपाकाला लागल्या की आतूनच सगळं सांगायच्या. भांडीवाल्याने दुकानाला रंग दिला, पुलावर आज कुणीतरी पतंग उडवत होतं, नदीला पाणी कमी आहे. काका पलंगावर पडून ऐकायचे. निदान एकीचं तरी फिरणं राहिलं ह्याचं त्यांना बरं वाटायचं.

मग गल्लीत पाण्याचा पाइप घालायचं काम निघालं. रस्ता खणून ठेवला, फाटकाबाहेर घोटाभर चिखल. दूधवाला, शेजारी, जो येई तो दारात पाय आपटत शिव्या घाली. काकांना बसल्या जागी काही काम हवं असायचं म्हणून ते चपला पुसायला घेत. एका सकाळी त्यांनी काकूंची चप्पल उलटी केली. तळ कोरडा होता. चिखलाचा ठिपका नाही, फक्त जिन्यातली भुरकट धूळ. काकांनी दुसरी चप्पल उलटी केली, तीही तशीच. टाचेकडची झीज मागच्या महिन्यात होती तिथेच होती. ज्या माणसाने हजारो तळ पाहिले त्याला आणखी काय सांगायला हवं?

त्या संध्याकाळी काकू गेल्यावर काका कुबड्या घेऊन खिडकीशी आले. फाटक समोर दिसत होतं. दूधवाला आत आला, वरची मुलगी बाहेर गेली. काकू काही बाहेर पडल्या नाहीत. काका खिडकीच्या कट्ट्याला टेकून वाट बघत राहिले. दिवे लागले तरी त्या बाहेर पडल्या नाहीत. म्हणजे त्या खाली होत्या, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर, इतके दिवस रोज. एकटीने जायचं त्यांना जमत नव्हतं आणि हे सांगायचंही जमत नव्हतं. ते घाईघाईने पलंगावर येऊन पडले.

काकू आल्या. चांगल्या धापा टाकत आल्या. "हुश्श," म्हणाल्या, "केवढा चिखल बाहेर." हात धुतले आणि आत गेल्या. आतून कांदा ठेचल्याचा आवाज यायला लागला.

"कुठवर गेलीस?" काकांनी विचारलं.

"पुलापर्यंत गेले की. आज वारा छान होता. जाताना घड्याळजीपाशी जरा थांबले, त्याने एक मोठं घड्याळ लावलंय."

"मग?"

"मग कापडवाल्याकडे थांबले. घाई काय आहे? थोडं चालायचं, थोडं थांबायचं. भांडीवाल्यापाशी पुन्हा थांबलो, गोळा उतरेपर्यंत. मग हळूहळू निघालो. बाक रिकामं होतं, तर बसलो निवांत. पाणी अगदी संथ होतं."

काका छताकडे बघत होते. गेले म्हणता म्हणता ती निघालो, बसलो म्हणायला लागली होती आणि तिचं तिला कळलं नव्हतं. आवाज तसाच सरळ होता, आयुष्यभर न दिसणाऱ्या माणसांशी बोललेला. तू खाली पायरीवर बसून असतेस हे मला ठाऊक आहे, असं सांगायचं त्यांनी ठरवलं होतं. त्यांनी डोळे पुसले.

"उद्या जरा लवकर निघू," ते म्हणाले. "हल्ली अंधार लवकर पडतो."

आतला आवाज थांबला.

"निघू," काकू म्हणाल्या, आणि पुन्हा कांदा ठेचायला लागल्या.